पहिला ब्लश: कोणता घ्यावा, कुठे लावावा, किती लावावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेकअप नुकताच शिकायला घेतला आहे, लिपस्टिक आणि आयलायनर बऱ्यापैकी जमतं, पण गालाला लाली देणारा ब्लश एक तर दिसतच नाही, नाहीतर गालावर लाल ठिगळ लावल्यासारखा दिसतो. पावडर घ्यावा की क्रीम, शेड कोणती, आणि नेमका लावायचा कुठे?

यात सगळ्यात जास्त डोकं शेडवर खर्च होतं. पण बिघडलेला ब्लश जवळून पाहिला तर शेड बहुतेक वेळा चालण्यासारखीच असते. चुकलेली असते ती मात्रा, ब्रश पहिल्यांदा टेकला ती जागा, किंवा ब्लशच्या खालचा थर. म्हणून खाली शेडबद्दल लागेल तेवढंच आणि लावण्याबद्दल जरा जास्तच लिहिलं आहे.

पावडर, क्रीम की लिक्विड

दाबून बसवलेल्या पावडर ब्लशमध्ये मुख्यतः टाल्क किंवा अभ्रकाची भुकटी, रंगद्रव्य आणि हे सगळं धरून ठेवायला झिंक स्टिअरेट किंवा मॅग्नेशियम स्टिअरेटसारखा पदार्थ असतो. ही पावडर त्वचेत मुरत नाही, वर बसून राहते. त्यामुळे जास्त झाली तर स्वच्छ, कोरड्या ब्रशने बरीचशी उचलता येते. शिकणाऱ्याला ही सवलत फार मोलाची आहे. तोटा एवढाच की कोरड्या, सालपटं निघणाऱ्या त्वचेवर ती प्रत्येक सालपटाच्या कडेला अडकते आणि एरवी न दिसणारा कोरडेपणा उघडा पाडते.

क्रीम आणि स्टिक ब्लशमध्ये मेण आणि तेलं असतात. बोटाच्या उबेने ते मऊ होतात, कडा सहज विरतात आणि त्वचेची स्वतःची चमक झाकली जात नाही. फाउंडेशन न लावता नुसता ब्लश लावायचा असेल तर क्रीमसारखं दुसरं काही नाही. तेलकट गालांवर मात्र ते काही तासांत सरकायला लागतं.

लिक्विड ब्लशचे दोन प्रकार पडतात. पाण्यासारखे पातळ टिंट त्वचेच्या वरच्या थराला डाग धरतात आणि काही सेकंदांतच जिथे टेकले तिथे पक्के होतात. दुसरे दाट असतात. त्यात आयसोडोडेकेनसारखा उडून जाणारा द्रव असतो, तो उडाला की मागे रंगाचा घट्ट पापुद्रा उरतो. यात रंगद्रव्य इतकं असतं की एका गालाला टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका पुरतो. दोन्ही प्रकार छान टिकतात, पण चूक सुधारायला वेळ देत नाहीत. हल्ली सगळीकडे तेच दिसत असले तरी पहिला ब्लश लिक्विड घेऊ नये.

तर निवड सोपी आहे. त्वचा तेलकट किंवा साधारण असेल, किंवा तुम्ही फाउंडेशनवर कॉम्पॅक्ट लावत असाल, तर पावडर घ्या. त्वचा कोरडी असेल किंवा फाउंडेशन लावतच नसाल तर क्रीम. पावडर घेताना ती मॅट (चमक नसलेली) किंवा अगदी हलक्या चमकेची, म्हणजे सॅटिन, असावी. चकाकणारे कण असलेला शिमर ब्लश डबीत मोहक दिसतो, पण तो कण प्रत्येक रंध्रावर आणि मुरमाच्या खड्ड्यावर प्रकाश पाडतो. गाल खडबडीत असेल तर शिमर टाळलेलाच बरा.

गालावर लावल्यावर 'तुमचा स्वतःचा गुलाबी' देणारे, रंग बदलणारे ब्लशही मिळतात. त्यात बहुधा सीआय ४५४१० हे रंगद्रव्य असतं (सीआय म्हणजे कलर इंडेक्स, घटकांच्या यादीत रंग ओळखायचा क्रमांक). ते कोरड्या मेणात फिकट राहतं आणि त्वचेचा ओलावा मिळाला की गडद गुलाबी होतं. सगळ्यांच्या गालावर साधारण एकाच कुळातला, थंड झाकेचा गुलाबी उमटतो, त्यामुळे 'तुमचा स्वतःचा' हे जरा वाढवून सांगितलेलं आहे. शिवाय खरा रंग उमटायला मिनिटभर लागतो आणि तोवर लोक दुसरा थर देऊन बसतात.

शेड: आधी गडदपणा, मग झाक

शेडची चर्चा नेहमी अंडरटोनपासून, म्हणजे त्वचेच्या आतल्या पिवळसर किंवा निळसर-गुलाबी झाकेपासून, सुरू होते. मनगटावरच्या शिरा हिरव्या की निळ्या, हे पाहायला सांगतात. शिरांचा रंग त्या वेळच्या उजेडावर आणि त्वचेच्या जाडीवर अवलंबून असतो, आणि सावळ्या त्वचेवर त्या नीट दिसतही नाहीत. त्या चाचणीवर फार विसंबू नका. त्याआधी पाहायची गोष्ट म्हणजे ब्लशचा गडदपणा. त्वचेपेक्षा ब्लश किती गडद आहे यावर तो नैसर्गिक दिसणार की नाही हे बरंचसं ठरतं. गुलाबी की पीच हा प्रश्न त्यानंतरचा.

खालचा ओठ हलकेच बाहेर वळवून त्याच्या आतल्या बाजूचा रंग पाहा. रक्त त्वचेखालून जो रंग दाखवतं त्याच्या जवळचा रंग तिथे मिळतो. जिने भरभर चढल्यावर उजळ त्वचेच्या गालावर जी लाली येते तीही याच कुळातली असते. सावळ्या किंवा गडद त्वचेवर गालाची लाली फारशी दिसत नाही, म्हणून तिथे ओठ जास्त कामाचा. त्या रंगाच्या आसपासची, किंचित फिकी शेड निवडली तर सहसा चूक होत नाही.

गोऱ्या त्वचेला फिका गुलाबी, अबोली, हलका पीच असे रंग पुरतात. गव्हाळ त्वचेवर गाजरीकडे झुकणारा कोरल, मधल्या गडदपणाचा गुलाबी आणि गुलाबी-तपकिरी हे तिन्ही चालतात, त्यातही शेवटचा रोजच्या वापराला सगळ्यात निर्धास्त. सावळ्या आणि गडद त्वचेला विटकरी, डाळिंबी, गडद राणी, जांभळट लाल असे भरीव रंग हवेत. डबीत हे रंग भीतीदायक दिसतात, आणि त्या भीतीपोटी लोक फिकी शेड उचलतात. तीच मोठी चूक ठरते. फिक्या गुलाबी ब्लशमध्ये रंग हलका करण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं, अपारदर्शक द्रव्य घातलेलं असतं. घटकांच्या यादीत ते सीआय ७७८९१ या क्रमांकाने लिहिलेलं सापडेल. गडद त्वचेवर गुलाबीपणा दिसत नाही, मागे उरतो तो पांढरेपणा, आणि गाल राखट दिसतो. कितीही थर दिले तरी तो राखटपणा वाढतच जातो. अशा वेळी गडद शेड अगदी कमी मात्रेत लावणं हाच उपाय.

आता झाक. निळसर गुलाबी आणि पिवळसर पीच यांत तुम्हाला काय शोभतं हे ठरवायचं असेल तर दोन्हीचे नमुने एकाच वेळी दोन गालांवर लावा, खिडकीसमोर उभ्या राहा आणि आरशापासून दोन हात लांब जा. ज्या बाजूला आधी रंग डोळ्यात भरतो ती शेड बाजूला ठेवा. ज्या बाजूला आधी चेहरा दिसतो ती घ्या. हाताच्या मागच्या बाजूवर शेड पाहून काहीच कळत नाही, कारण हाताचा रंग बहुतेकांचा चेहऱ्यापेक्षा वेगळा असतो. रोज फाउंडेशन लावत असाल तर नमुनाही फाउंडेशनवरच पाहा. फाउंडेशन त्वचेपेक्षा उजळ असलं की तोच ब्लश दुप्पट जोरात दिसतो.

शाकाहाराच्या दृष्टीने पाहणाऱ्यांसाठी एक नोंद: कार्माइन, म्हणजे सीआय ७५४७०, हा लाल रंग कोचिनील नावाच्या कीटकांपासून काढतात. तो नको असेल तर लोह ऑक्साइडचा लाल (सीआय ७७४९१) किंवा कृत्रिम लाल (सीआय १५८५०) वापरलेले ब्लश भरपूर मिळतात. लोह ऑक्साइडचा रंग मात्र विटकरी असतो, नुसत्या त्याने झगझगीत गुलाबी होत नाही.

ब्रश

डबीसोबत येणारा छोटा, चपटा, कडक केसांचा ब्रश बाजूला ठेवा. तो रंग पसरवत नाही, पट्टा ओढतो. चेहराभर पावडर फिरवायचा मोठा ब्रशही नको, तो नाकापासून कानापर्यंत सगळं रंगवून टाकतो. हवा तो मऊ, भरगच्च पण दाबला की सहज पसरणारा, टोकाला किंचित निमुळता किंवा तिरपा कापलेला ब्रश. रुंदी साधारण तुमच्या जोडलेल्या दोन बोटांएवढी, म्हणजे तीन-साडेतीन सेंटिमीटर.

नैसर्गिक केसांवर सूक्ष्म खवले असतात, त्यात पावडर अडकते आणि हळूहळू सुटते. कृत्रिम तंतू गुळगुळीत असल्याने क्रीम शोषून घेत नाहीत. त्यामुळे क्रीमसाठी कृत्रिम तंतूंचाच ब्रश घ्या. पावडरला दोन्ही चालतात, हल्लीचे कृत्रिम ब्रश त्या कामातही उत्तम आहेत. रंग फार गडद असेल तर काळे दाट तंतू आणि त्यांच्यावर विरळ पांढरी टोकं असलेला दुरंगी ब्रश कामी येतो. विरळ टोकं मुळात रंगच कमी उचलतात.

कुठे लावायचा

'हसा आणि गालाचा जो उंचवटा येतो तिथे लावा' हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. हसताना गालाचा मांसल भाग वर सरकतो. हसू ओसरलं की तो भाग, आणि त्यावरचा रंगही, खाली येतो. मग ब्लश नाकाच्या खालच्या रेषेपर्यंत उतरतो आणि चेहरा ओघळल्यासारखा दिसतो. उंचवटा शोधायला हसा, पण लावताना चेहरा सैल सोडा.

सीमा अशा आखा. सरळ आरशात पाहा. बुबुळाच्या बाहेरच्या कडेपासून खाली एक रेघ कल्पा. सुरुवातीला ब्लश त्या रेघेच्या आत, म्हणजे नाकाच्या बाजूला, जाऊ देऊ नका. खालची सीमा म्हणजे नाकाचा तळ. वरच्या बाजूला डोळ्याच्या खोबणीचं हाड बोटाला लागतं, त्याच्या खाली एक बोट जागा मोकळी सोडा. बाहेरच्या बाजूला केसांच्या कडेपाशी बोटभर अंतर ठेवा. एवढ्या चौकटीत गालाच्या हाडाचा वरचा उतार येतो, आणि ब्लश तिथेच राहायला हवा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ब्रश चेहऱ्याला पहिल्यांदा जिथे टेकतो तिथे सगळ्यात जास्त रंग पडतो. पुढच्या प्रत्येक फटक्याला रंग कमी होत जातो. नवशिके लोक पहिला स्पर्श गालाच्या मध्यावर, नाकाजवळ करतात आणि तिथून कानाकडे ओढतात. परिणामी नाकाशेजारी लाल ठिपका आणि बाहेर फिकेपणा, म्हणजे सर्दी झाल्यासारखा चेहरा. याउलट करा. पहिला स्पर्श डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या बरोबर खाली, हाडाच्या उतारावर. तिथून कानशिलाकडे वर. मग ब्रशवर जो उरला असेल तेवढाच घेऊन पुढे गालाच्या उंचवट्यावर. पुढच्या भागात रंग दिसायला हवाच, पण उरलेल्या रंगाचा.

चेहऱ्याच्या आकारावरून ब्लशचे जे नकाशे काढलेले असतात त्यांना फार किंमत देऊ नका. दोनच गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. तिरपा, वर जाणारा ब्लश गोल चेहरा थोडा उभट दाखवतो. आडवा, गालाच्या मधोमध ठेवलेला ब्लश लांबट चेहऱ्याची लांबी तोडतो. गाल आत गेलेले असतील तर खोलगट भागात रंग नको, हाडावरच ठेवा. नाहीतर खड्डा आणखी खोल दिसतो.

पावडर ब्लश लावताना

क्रम आधी पक्का करा. मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, ती नीट बसायला पाच मिनिटं, मग फाउंडेशन, त्यावर पातळसा पावडरचा हात, आणि मग पावडर ब्लश. ओल्यावर ओलं, कोरड्यावर कोरडं हा नियम इथे तंतोतंत लागू पडतो. ओलसर फाउंडेशनवर पावडर ब्लश टेकवला की जिथे ओल जास्त तिथे तो जास्त चिकटतो, आणि मग कितीही घासलं तरी ठिपके जात नाहीत. तपासायला बोटाची मागची बाजू गालाला टेकवा. चिकट लागलं तर अजून पावडर हवी. फाउंडेशन नसेल तरीही मॉइश्चरायझर पूर्ण मुरल्याशिवाय ब्रश उचलू नका.

ब्रश दांडीच्या टोकाकडे धरा. मुळाशी धरला की नकळत दाब वाढतो. ब्रशचं टोक पावडरवर दोनदा हलकेच टेकवा. गोल गोल फिरवू नका, त्याने भुकटी उडते आणि ब्रशच्या पोटात रंग भरतो, जो नंतर गालावर अचानक सुटतो. दांडी डबीच्या कडेवर आपटून जास्तीचा रंग झटका. मग एकदा टिश्यूवर टेकवा. टिश्यूवर फिकट सावली उमटली तर मात्रा ठीक. ठळक गोल उमटला तर पुन्हा झटका.

वर सांगितलेल्या जागेपासून सुरू करून तीन-चार वेळा टेकवत टेकवत जा. ओढायचं नाही, आधी ठेवायचं. रंग ठेवून झाला की त्याच ब्रशने अगदी हलक्या हाताने छोटी वर्तुळं काढत कडा मोडा. रंगाची कड कुठे संपते हे बोटाने दाखवता आलं तर अजून काम बाकी आहे. दुसऱ्या गालासाठी ब्रश नव्याने भरा, तितकाच. एकाच भरणात दोन्ही गाल केले तर पहिला नेहमी जास्त रंगतो.

मग थांबा. आरशापासून मागे सरका, चेहरा डावी-उजवीकडे वळवून पाहा. आरशाला नाक लावून पाहिलं की रंग कमीच वाटतो. कमी पडत असेल तर दुसरा थर पहिल्याच्या निम्म्या मात्रेत द्या. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा जास्त टिकतात आणि एकसारखेही दिसतात. लिपस्टिक लावायची असेल तर ती आधी लावून घ्या. ओठांवर रंग आला की गालाला किती हवा याचा अंदाज बदलतो, आणि बहुतेक वेळा कमीच लागतो.

उजेडाचं सांगायलाच हवं. पिवळ्या बल्बच्या प्रकाशात गुलाबी आणि पीच रंग दबतात, म्हणून हात वाढतो आणि बाहेर पडल्यावर गाल पेटलेले दिसतात. डोक्यावरच्या दिव्याने गालाखाली सावली पडते आणि ब्लश खाली उतरतो. शक्य असेल तेव्हा खिडकीकडे तोंड करून बसा. ते शक्य नसेल तर आरशाच्या दोन्ही बाजूंनी, चेहऱ्याच्या उंचीवर पांढरा उजेड घ्या. साधारण ५००० केल्विनचा, रंग खरा दाखवणारा (सीआरआय ९० किंवा अधिक) दिवा चालतो. फोटोसाठी, विशेषतः फ्लॅशखाली, गालाचा रंग बराच उडतो. तेव्हा एक थर जास्त द्यायला हरकत नाही, पण तो ब्लश फोटोपुरता आहे हे ध्यानात असू द्या.

क्रीम आणि लिक्विड लावताना

क्रीम ब्लश फाउंडेशननंतर आणि पावडरच्या आधी येतो. आधी पावडर आणि वर क्रीम असं केलं तर क्रीममधलं तेल पावडर भिजवतं आणि गुठळ्या होतात. मधल्या बोटाच्या पेराने डबीवर एकदाच हलकेच फिरवा आणि तो रंग हाताच्या मागच्या बाजूवर चोळून घ्या. इथे तो ऊब धरतो, मऊ होतो आणि जास्तीचा रंग हातावरच राहतो. तिथून गालावर तीन ठिकाणी टेकवा: डोळ्याच्या कोपऱ्याखाली, त्याच्या थोडं वर कानशिलाकडे, आणि शेवटी उंचवट्यावर. मग स्वच्छ बोटाने किंवा ओल्या, नीट पिळलेल्या स्पंजने थापटत कडा विरवा.

घासू नका. घासलं की खालचं फाउंडेशन उचललं जातं आणि रंगाच्या मधोमध त्वचेचं टक्कल दिसतं. असं झालं तर त्यावर आणखी ब्लश घालून ते झाकता येत नाही. तेवढ्या जागी स्पंजने कणभर फाउंडेशन थापटा, मिनिटभर जाऊ द्या, मग ब्लश पुन्हा. स्टिक थेट गालावर ओढायचा मोह होतो, त्यानेही हेच होतं. स्टिकचा रंग बोटावर किंवा ब्रशवर घेऊनच लावा.

लिक्विड वापरायचंच असेल तर काडी बाटलीच्या तोंडाशी निपटा, ठिपका हाताच्या मागे घ्या आणि तिथून ब्रशने किंवा बोटाने उचला. गालावर थेट ठिपका ठेवला की त्याची कड तिथल्या तिथे वाळते आणि पसरवल्यावरही गोल कडं उरतं. एका गालाचं काम पूर्ण करूनच दुसऱ्याकडे वळा. दोन्ही गालांवर ठिपके ठेवून मग पसरवायला गेलात तर दुसरा तोवर बसलेला असतो. टिंट कोरड्या त्वचेवर लावताना आधी मॉइश्चरायझर हवंच, कारण कोरडे भाग रंग जास्त पितात.

हात जड असेल त्यांच्यासाठी एक सोयीची पद्धत आहे. क्रीम ब्लश आधी लावायचा, नेहमीपेक्षा थोडा जास्त, आणि त्यावर फाउंडेशनचा पातळ थर स्पंजने थापटायचा. रंग आतून आल्यासारखा दिसतो, कडा आपोआप झाकल्या जातात. फाउंडेशन जाड, पूर्ण झाकणारं असेल तर मात्र ब्लश त्याखाली गाडला जातो, तिथे ही पद्धत कामाची नाही.

बिघडलं तर

रंग जास्त झाला की पहिली प्रतिक्रिया ओल्या टिश्यूने पुसण्याची असते. तसं केलं तर पट्टे पडतात आणि सगळा गाल नव्याने करावा लागतो. पावडर जास्त झाली असेल तर स्वच्छ, मोठ्या, मऊ ब्रशने हलकेच झाडा. तरी उरली तर रंगहीन पावडरचा पातळ हात फिरवा. क्रीम किंवा लिक्विड जास्त झालं तर फाउंडेशन लावलेला तोच स्पंज, नवं काही न घेता, त्यावर थापटा. त्यातलं उरलेलं फाउंडेशन रंगाला झाकत नेतं.

ठिपके पडणं म्हणजे जवळजवळ नेहमी खालचा थर असमान ओला असणं. सकाळचा पीच दुपारी नारिंगी किंवा मळकट दिसणं हे त्वचेच्या तेलामुळे होतं. तेलाने भिजलेलं रंगद्रव्य गडद दिसतं. आधी टिपकागदाने तेल टिपा, मग पावडर. तेलावरच पावडर चढवली तर थर साचतो.

दोन तासांत ब्लश गायब होत असेल तर कारण पाहा. तेलकट त्वचेवर तो विरघळून जातो, तिथे पातळ क्रीम, त्यावर रंगहीन पावडर आणि त्यावर त्याच रंगाचा पावडर ब्लश असे थर टिकतात. कोरड्या त्वचेवर पावडर धरायला काही नसतं, तिथे मॉइश्चरायझर वाढवा किंवा क्रीमकडे वळा. आणि एकाच गालावरून जात असेल तर फोन कुठल्या कानाला लावता ते आठवा.

मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, प्रायमर असे बरेच थर न सुकवता एकावर एक दिले की क्रीम ब्लश थापटताना खालच्या थरांच्या बारीक शेवया निघतात. तेव्हा ब्लश बदलून उपयोग नाही. खालचे थर पातळ करा आणि मध्ये वेळ द्या.

लिपस्टिक ब्लश म्हणून चालते का? क्रीमसारखी मऊ लिपस्टिक अडीनडीला चालते, हातावर चोळून, अगदी कमी घेऊन. सुकून घट्ट होणारी मॅट लिक्विड लिपस्टिक नको, ती गालावर पसरत नाही आणि तडकते. मुरुमं येणाऱ्या त्वचेने ही सवय लावून घेऊ नये. लिपस्टिकमधली मेणं आणि तेलं ओठांसाठी जुळवलेली असतात, गालाच्या रंध्रांचा विचार त्यात नसतो. तसंच गालाचा ब्लश पापण्यांवर नेण्याआधी डोळ्यांसाठी चालेल असं त्यावर लिहिलंय का हे पाहा. काही लाल रंग डोळ्यांजवळ वापरायचे नसतात.

नवा ब्लश पहिल्यांदा वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडा लावून दोन दिवस वाट पाहा. खाज किंवा पुरळ आलं तर बहुधा सुगंधी द्रव्य किंवा एखादा रंग सोसत नसतो. पिकलेली मुरुमं असताना त्यांच्यावर ब्रश फिरवू नका, त्या दिवशी बाजूच्या भागावर बोटाने क्रीम टेकवा आणि नंतर हात धुवा.

डब्यावर उघड्या झाकणाच्या बरणीचं चिन्ह असतं, त्यात १२ किंवा २४ असा आकडा लिहिलेला असतो. उघडल्यापासून तितके महिने तो वापरायचा. क्रीम आणि लिक्विडला साधारण वर्षभर, पावडरला त्याहून जास्त. क्रीमला जुन्या तेलासारखा वास आला किंवा वर घामासारखे थेंब जमू लागले तर आकडा न बघता टाकून द्या. पावडरवर चकचकीत, कडक पापुद्रा आला आणि ब्रशला रंगच लागेना तर ती संपलेली नसते. ब्रशवरचं आणि गालावरचं तेल तिच्यावर बसलेलं असतं. चिकटपट्टी हलकेच दाबून उचला किंवा बोथट कडेने वरचा थर खरवडा, खाली पावडर पूर्वीसारखी मिळेल.

पुन्हा तसं होऊ नये म्हणून पावडरचा ब्रश आठ-पंधरा दिवसांनी आणि क्रीमचा ब्रश किंवा स्पंज शक्यतो प्रत्येक वापरानंतर धुवा. कोमट पाणी आणि सौम्य शाम्पू पुरतो. धुताना केस खालच्या दिशेला ठेवा, धातूच्या कड्यात पाणी शिरलं की गोंद सुटतो आणि केस गळायला लागतात. आडवा ठेवून, टोक टेबलाच्या कडेबाहेर काढून वाळवा. उभा ठेवलात तर पाणी पुन्हा त्याच कड्यात उतरेल.